एकोणतीसचा पाढा आणि सातवा थर

सुरुवातीलाच सांगतो, मी हेलियमवाला. आमच्या संशोधन संस्थेच्या तळघरात हेलियम वायूचा द्रव करायचा आणि थर्मासच्या थोरल्या भावांसारख्या दिसणाऱ्या टाक्यांतून तो प्रयोगशाळांना पोचवायचा, हे माझं काम. मला विज्ञानातलं काही कळत नाही, असं वरच्या मजल्यांवरच्या सगळ्यांचं मत आहे. माझंही त्यांच्याबद्दल तेच मत आहे, पण मला विचारतो कोण? तेव्हा शटरकाकूंची ही हकीकत कळणाऱ्याने नव्हे, बघणाऱ्याने सांगितलेली आहे असं समजा.

शटरकाकू माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी मीही त्यांना काकूच म्हणतो. काही माणसं काकू म्हणूनच नोकरीला लागतात. दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून त्यांची खोली. खोलीत कमरेएवढ्या उंचीचा एक स्टीलचा पिंप, त्याच्या पोटाला लावलेले दोन पंप, एक स्टूल आणि खिळ्याला लटकवलेला त्यांचा स्वेटर. पंपांनी पिंपातली हवा ओढून घ्यायची. आत दोन धातूंच्या चकत्या, एक नायोबियमची, एक कोबाल्टची. वीज लावली की चकतीतले अणू उडतात आणि समोर टांगलेल्या नखाएवढ्या काचेवर जाऊन बसतात. थरावर थर साचून जो पापुद्रा तयार होतो त्याला फिल्म म्हणतात. प्रत्येक चकतीपुढे एक झाकण असतं, त्याचा दांडा पिंपाबाहेर. त्या झाकणाला शटर म्हणतात आणि सव्वीस वर्षं त्या दांड्यावर ज्यांचा हात होता त्या शटरकाकू.

आता या दोन धातूंचं वैर सांगायला हवं. नायोबियम माझ्या हेलियममध्ये बुडवून गार केला की त्यातून वीज अशी वाहते की कुठे म्हणून अडत नाही, रोध शून्य. कोबाल्ट हा चुंबक. आणि चुंबक शेजारी आला की नायोबियमची ही करामत तिथल्या तिथे संपते. थोडक्यात विळ्या-भोपळ्याचं सख्य. आमच्या मोठ्या सरांचं म्हणणं असं की या दोघांना एकाच पापुद्र्यात इतकं बारीक मिसळायचं की कोबाल्टने चुंबकपण सोडू नये आणि नायोबियमने आपला गुण टाकू नये. असे संसार जगात घरोघरी चालू आहेत, पण त्यावर कोणी शोधनिबंध लिहीत नाही.

मिसळायचं कसं, तर नायोबियमचं झाकण कायम उघडं ठेवायचं आणि कोबाल्टचं थोडा वेळ उघडायचं, थोडा वेळ बंद करायचं. असं सहाशे वेळा. त्यासाठी वेळ मोजायला टायमर होता. तो बिघडला त्याला नऊ वर्षं झाली. नव्या टायमरचा अर्ज वर गेला, तेव्हा वरून विचारणा आली की जुना टायमर नेमका किती वाजता बंद पडला. काकूंनी कळवलं, बंद पडल्यामुळे सांगता येत नाही. फाइल तिथेच थांबली ती आजपर्यंत.

काकूंनी तोंडातल्या तोंडात पाढे म्हणायला सुरुवात केली. अॅल्युमिनियमला तेराचा, क्रोमियमला सतराचा. बेचा पाढा कशालाच चालत नाही, फार पळतो असं त्या म्हणायच्या. नायोबियम-कोबाल्टला बरेच पाढे लावून बघितले आणि शेवटी एकोणतीसचा बसला. "एकोणतीस त्रिक" म्हणताना कोबाल्टचं झाकण उघडं, मग बंद करून "सत्त्याऐंशी". प्रश्नाला कोबाल्ट, उत्तराला नुसता नायोबियम. असा एक पाढा झाला की दहा थर आणि असे साठ पाढे झाले की एक फिल्म. वहीत त्या लिहायच्या, "२९ चा, ६० वेळा." मोठ्या सरांनी ती वही कधी उघडली असेल असं मला वाटत नाही. उघडली असती तर त्यांना हा सांकेतिक मजकूर वाटला असता.

एकोणतीसचा पाढा लागला आणि तीनशे बारा नंबरच्या फिल्मने चमत्कार केला. मी हेलियम ओतलं, काटा घसरत घसरत शून्यावर गेला, आणि त्याच वेळी दुसरं यंत्र सांगत होतं की फिल्म चुंबक आहे. मोठे सर खुर्चीवरून उठले, बसले आणि परत उठले. पुढच्या फिल्मही तशाच निघाल्या. मोठ्या सरांचा निबंध छापून आला, परिषदांची आमंत्रणं आली, त्यांच्या खोलीत नवीन पडदे आले. निबंधाच्या शेवटी आभारात विद्युत विभाग होता, ग्रंथालय होतं, सौभाग्यवती होत्या. काकूंचा उल्लेख "तांत्रिक साहाय्य" या दोन शब्दांत कुठेतरी असावा. माझं हेलियमही त्यातच.

मग नवीन मशीन मंजूर झालं. मंजुरीच्या पत्रात कारण लिहिलं होतं, "मानवी चूक समूळ काढून टाकण्यासाठी." हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. मशीन चकचकीत, त्याला चार पंप, एक पडदा आणि स्वतःचा वेगळा एसी. काकूंना सव्वीस वर्षांत टेबलफॅनही मिळाला नव्हता. मशीन चालू लागलं की जुना पिंप भंगारात जाणार आणि काकू फाटकाजवळच्या पास-खिडकीवर जाणार, असा आदेश निघाला. पास-खिडकी म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना कागद भरून देण्याची जागा. निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या माणसाला संस्था तिथे ठेवते आणि त्याला सन्मान म्हणते.

मशीनवाल्या इंजिनिअरने काकूंना विचारलं, "किती वेळ उघडं, किती वेळ बंद?"

काकू म्हणाल्या, "दोन सेकंद उघडं, तीन सेकंद बंद."

त्याने ते आकडे भरले. पहिली फिल्म निघाली, मेलेली. दुसरी मेलेली. चौदावीपर्यंत हीच रड. चुंबकपणा भरपूर, पण रोध काही शून्यावर येईना. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मोठे सर आधी पाण्याला दोष देत होते, मग विजेला, मग पावडर लावून येणाऱ्या इंजिनिअरला. शेवटी एका बैठकीत माझ्याकडे बघून म्हणाले, "हेलियमची शुद्धता तपासायला हवी."

माझं डोकंच फिरलं. पंचवीस वर्षांत माझ्या हेलियमवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. मी सरळ दुसऱ्या मजल्यावर गेलो. काकू तुलनेसाठी जुन्या पिंपावर शेवटची म्हणून एक फिल्म करत होत्या. मी शेजारी उभा राहिलो, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि म्हटलं, आता घोडं कुठे पेंड खातंय ते बघूनच जाणार.

काकूंचा आवाज बारीक पण स्पष्ट होता. "एकोणतीस पाचे," झाकण बंद, "एकशे पंचेचाळीस. एकोणतीस सक," झाकण बंद, "एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस सत्ते," झाकण बंद, आणि काकू गप्प.

ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. घड्याळाचा काटा पुढे चालला होता. चार सेकंद, सात, अकरा. मग एकदम, "दोनशे तीन," आणि पुढचं सगळं पुन्हा भराभर. पुढच्या पाढ्यातही तसंच. त्याच्या पुढच्यातही. साठच्या साठ पाढ्यांत सातव्या ओळीवर काकूंची गाडी अडत होती आणि तेवढा वेळ काचेवर नुसता नायोबियम पडत होता.

फिल्म संपल्यावर मी म्हटलं, "काकू, सातव्याला तुम्ही थांबता."

त्यांचा चेहरा पडला. "ऐकू येतं का बाहेर?"

"अकरा सेकंद थांबता."

"लहानपणापासून तिथेच अडते मी," त्या म्हणाल्या. "वडील पट्टी घेऊन बसायचे. सत्ते आलं की माझा हात आपोआप पाठीमागे जायचा. उत्तर येतं हो मला, पण यायला वेळ लागतो. त्या इंजिनिअरला काय सांगणार होते, मला पाढे येत नाहीत म्हणून?" मग म्हणाल्या, "कोणाला सांगू नका."

मला हसू येत होतं आणि रागही येत होता. राग कुणावर ते नीट ठरत नव्हतं. दर दहा थरांत एक थर जाड पडत होता. कोबाल्टच्या गर्दीत नायोबियमला श्वास घ्यायला एक मोकळी खोली मिळत होती, म्हणून तो जगत होता. हे माझ्यासारख्याला कळलं, आणि वरचे लोक तीन महिने पाणी, वीज आणि शेवटी माझं हेलियम हुंगत बसले होते.

त्या रविवारी मी काकूंच्या घरी गेलो. काका शिंपी आहेत. इस्त्रीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत मशीन आणि भिंतीला लावलेल्या लोकांच्या विजारी. माझीही एक कंबर वाढवायला तिथे नेहमीच असते. काकूंनी काकांना सगळं आधीच सांगितलेलं होतं.

काका दोरा ओवत म्हणाले, "मी म्हणतो गप्प बसावं. मशीनला जमत नाही म्हटल्यावर पिंप राहील, पिंप राहिला की ही राहील. चार वर्षं निघून जातील."

"आणि ती पोरगी?" काकू म्हणाल्या.

पोरगी म्हणजे मोठ्या सरांची विद्यार्थिनी. तिला आम्ही थिसिसवाली म्हणतो. तिशी उलटलेली, घरी तीन वर्षांचं मूल, सासू आजारी, आणि सहावं वर्ष चालू. नियम असा निघाला होता की प्रबंधातली फिल्म नव्या मशीनवर करून दाखवल्याशिवाय प्रबंध स्वीकारायचा नाही. सहा महिन्यांत झालं नाही तर नाव रद्द. काकूंच्या खोलीतल्या स्टुलावर बसून तिने बरेचदा डबा खाल्ला होता, आणि हल्ली खाता खाता रडायची.

"तिला सांगितलंस तर तू फाटकावर," काका म्हणाले. "उन्हात."

"खिडकीला छप्पर आहे," काकू म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मलाही त्यांनी गप्प बसावं असंच वाटत होतं. माझी पंचवीस वर्षांची शेजारीण फाटकावर जाऊन बसणार, हे मला सहन होत नव्हतं.

पण काकूंनी लगेच सांगितलं नाही, आणि ते भीतीने नव्हे. मोठे सर परिषदेला गेले तेव्हा त्यांनी मला हाक मारली. आठ दिवस घरी बसून त्यांनी एकोणतीस सत्ते घोकून पक्कं केलं होतं. आता त्या न अडता म्हणून दाखवत होत्या. "अडखळण्यामुळेच होतं की आपल्याला वाटतंय, ते बघायला नको का?" असं म्हणून त्यांनी एक फिल्म न थांबता केली. ती मेलेली निघाली. दुसऱ्या फिल्मला त्या मुद्दाम पाचव्यावर अकरा सेकंद थांबल्या. मी हेलियम ओतलं आणि काटा शून्यावर गेला. तिसरीला नवव्यावर थांबल्या, तरी शून्य. काकूंनी हे तिन्ही वहीत लिहिलं आणि खाली लिहिलं, "कुठेही थांबा, पण थांबा."

मग त्या मोठ्या सरांकडे गेल्या. मी दाराबाहेर रिकामी टाकी घेऊन उभा होतो, म्हणजे काम करत होतो.

"सर, मी सातव्याला अडखळते. अकरा सेकंद. मशीनला तेवढं थांबायला सांगा."

आतून मोठ्या सरांचा आवाज, "अहो, पण हे मी निबंधात लिहू कसं?"

"अजून एक आहे सर, मी पाचव्याला आणि नवव्याला पण..."

"सात," मोठे सर म्हणाले. आवाजात एकदम चैतन्य आलं होतं. "सातवा थर. थांबा, थांबा. यात काहीतरी आहे. तुम्ही या आता."

मशीनमध्ये सातव्यानंतर अकरा सेकंद भरले गेले. पंधरावी फिल्म पहिल्याच झटक्यात जिवंत. महिन्याभरात मोठ्या सरांचा दुसरा निबंध तयार. त्यात काकूंच्या अडखळण्याला "नियोजित विराम" म्हटलं होतं आणि सात या आकड्यामागे एक सिद्धांत होता, तेवीस समीकरणांचा. वडिलांच्या पट्टीचं समीकरण त्यात नव्हतं. पिंप भंगारवाल्याने चौघांकडून उचलवून नेला. काकूंनी खिळ्यावरचा स्वेटर काढला, वही पिशवीत टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या पास-खिडकीवर.

खिडकीवर बसलेल्या काकू मला बघवत नव्हत्या. मी मागच्या फाटकाने येऊ लागलो. नाव, पत्ता, कोणाला भेटायचं, कारण. नाव, पत्ता, कोणाला भेटायचं, कारण. ज्या हाताने अणूंचे थर मोजले तो हात आता दिवसभर लोकांच्या गाड्यांचे नंबर लिहीत होता. एकदा मी म्हटलं, "काकू, कंटाळा येत नाही का?" त्या म्हणाल्या, "येतो." एवढंच. त्यांनी कुरकुर केली असती तर मला बरं वाटलं असतं.

सव्वा वर्षाने थिसिसवालीची तोंडी परीक्षा झाली. अशा परीक्षेला कोणीही बसू शकतं आणि चहा असतो, म्हणून मी शेवटच्या रांगेत होतो. परीक्षक बाहेरून आलेले, पांढऱ्या केसांचे, बोलायला अगदी हळू. तासभर त्यांनी ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "विराम सातव्या थरावरच का? पाचव्यावर का नाही?"

मोठे सर पुढे सरकले. "त्याचा सिद्धांत आम्ही..."

"त्यांना बोलू द्या," परीक्षक म्हणाले.

थिसिसवाली खाली बघत उभी राहिली. तेवीस समीकरणं तिच्या पाठीमागे पडद्यावर होती. मोठ्या सरांच्या सहीशिवाय तिला पदवी नव्हती आणि ते पहिल्या रांगेत बसले होते. तिने पाण्याचा घोट घेतला.

"सातवा थर आम्ही निवडलेला नाही," ती म्हणाली. "आमच्या काकू पाढे म्हणून शटर चालवायच्या. त्या एकोणतीस सत्त्याला अडखळायच्या. ते त्यांनी स्वतः येऊन सांगितलं म्हणून माझी फिल्म झाली. पाचव्यावर मी करून बघितलेलं नाही. मला सातच ठेवायला सांगितलं होतं."

मोठ्या सरांचे कान लाल झालेले मागूनही दिसत होते.

माझं तोंड गप्प बसणाऱ्यांतलं नाही. "पाचव्यावर काकूंनी केलंय," मी मागून म्हटलं. "नवव्यावर पण. दोन्ही चालतात. हेलियम मी ओतलं होतं."

"तुम्ही तुमचं तळघर बघा," मोठे सर मागे न वळता म्हणाले.

परीक्षकांनी मात्र मागे वळून बघितलं. "काकू कोण?"

"आमच्या एक कर्मचारी होत्या," मोठे सर म्हणाले.

"होत्या म्हणजे वारल्या का?"

"छे, छे. फाटकावर असतात."

"म्हणजे सकाळी ज्यांनी मला पास दिला त्या?" परीक्षकांनी विचारलं. त्यांनी थिसिसवालीचे कागद पुढे ओढले, उत्तीर्ण म्हणून सही केली आणि कागद मोठ्या सरांपुढे सरकवले. आता सही न करायला कारण काय सांगणार? मोठ्या सरांनी केली. जेवण तयार असल्याचं ते सांगत होते, पण परीक्षक तोवर माझ्याजवळ येऊन पोचले होते. "चला," म्हणाले, "रस्ता दाखवा."

खिडकीवर काकूंनी त्यांना पाहिलं आणि हात पुढे केला. "परत जाताय? सकाळचा पास द्या, सही करून देते."

"जात नाही," परीक्षक म्हणाले. "मला भेटायचं आहे."

"कोणाला?"

"तुम्हाला."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी चावटपणा केलाय असं त्यांना वाटलं असणार. मी मान हलवली. सव्वा वर्षात त्या खिडकीतून हजारो माणसं आत गेली होती, त्यांतलं एकही त्यांना भेटायला आलेलं नव्हतं. "प्रत्येक भेटीला वेगळा पास लागतो," त्या नियमाप्रमाणे म्हणाल्या आणि कोरा कागद ओढून लिहायला लागल्या. परीक्षकांचं नाव, पत्ता. मग 'कोणाला भेटायचं' या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट पूर्ण. पंचवीस वर्षांत मला ते ठाऊक नव्हतं. उलट्या बाजूने वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

"कारण?" त्यांनी विचारलं.

"पाचवा थर," परीक्षक म्हणाले. "आणि नववा. तुम्ही नेमकं काय केलंत ते मला पहिल्यापासून ऐकायचं आहे."

काकू रकान्याकडे बघत बसल्या. मग त्यांनी लिहिलं, "काम."

कागद फाडून त्यांच्या हातात दिला, मला म्हणाल्या, "साहेबांना खुर्ची आणा," आणि खालच्या खणातून वही काढली.